मूत्रमार्गसंसर्ग आणि जिवाणूंची आसंजन प्रथिने : एका शोधाचा इतिहास

प्रस्तावना

मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग बहुतांश रुग्णांत एशेरिकिया कोलाय या जिवाणूमुळे होतो. मानवी आतड्यात नेहमी वास्तव्य करणाऱ्या या जिवाणूचे वर्णन थिओडोर एशेरिख यांनी १८८५ मध्ये केले. मूत्राचा प्रवाह मूत्रमार्ग सतत धुऊन काढत असतो. अशा वाहत्या जागी हा जिवाणू टिकून कसा राहतो, हा या विषयातील मूळ प्रश्न होय. त्याचे उत्तर जिवाणूच्या आसंजन प्रथिनांत, म्हणजे शरीरातील पेशींना धरून ठेवणाऱ्या प्रथिनांत सापडले. प्रस्तुत लेखात या प्रथिनांच्या शोधाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. या प्रगतीस नव्या उपकरणांइतकाच प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतील बदलही कारणीभूत ठरला, असे येथे प्रतिपादन केले आहे.

रक्तपेशींचे समूहन आणि तंतूंचा शोध

कोलाय जिवाणूंचे काही वाण तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या करतात, असे गुयो यांनी १९०८ मध्ये नोंदविले. पुढे कित्येक वर्षे हा केवळ प्रयोगशाळेतील एक गुणधर्म मानला गेला. मॅनोज ही साधी शर्करा मिसळल्यास ही क्रिया थांबते, असे कोलियर आणि डी मिरांडा यांनी १९५५ मध्ये दाखविले. त्याच वर्षी एडिंबरो येथील जे. पी. ड्यूगिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने जिवाणूच्या पृष्ठभागावरील बारीक तंतूंचा या गुणधर्माशी संबंध जोडला. हे तंतू जिवाणूला पोहण्यास मदत करणाऱ्या कशाभिकांहून वेगळे होते. ड्यूगिड यांनी त्यांना ‘फिंब्रिया’ म्हणजे झालर असे नाव दिले, तर अमेरिकेतील चार्ल्स ब्रिंटन यांनी १९५९ मध्ये ‘पिली’ म्हणजे केस हा शब्द योजला. दोन्ही संज्ञा आजही प्रचारात आहेत. मात्र रुग्णाच्या शरीरात या तंतूंचे कार्य काय, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. परीक्षा रक्तपेशींवर होत होती आणि आजार मूत्रमार्गात होता.

संख्येकडून पकडीकडे

दरम्यान वैद्यकशास्त्राचे लक्ष जिवाणूंच्या संख्येकडे होते. एडवर्ड कास यांनी १९५६ मध्ये प्रतिमिलिलिटर मूत्रात १ लाख जिवाणू ही मर्यादा सुचविली. निदानासाठी ती अत्यंत उपयुक्त ठरली. परंतु तेवढेच जिवाणू एका रुग्णात मूत्रपिंडाचा दाह निर्माण करतात आणि दुसऱ्यात कोणतेही लक्षण दाखवीत नाहीत, याचा उलगडा संख्येने होत नव्हता.

या विचाराला १९७६ मध्ये स्वीडनमधील गोटेबोर्ग येथे वळण मिळाले. कॅथरिना स्वानबोर्ग एडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तपेशींऐवजी मानवी मूत्रमार्गातील आवरणपेशी वापरल्या. मूत्रपिंडदाहाच्या रुग्णांतील वाण या पेशींना मोठ्या प्रमाणावर चिकटले, तर लक्षणविरहित व्यक्तींतील वाण अल्प प्रमाणात चिकटले. पकड आणि रोगाची तीव्रता यांचा संबंध त्यामुळे प्रथमच स्पष्ट झाला. पुढील वर्षी इस्रायलमधील ओफेक, मिरेलमन आणि शॅरॉन यांनी मानवी पेशींवरील मॅनोज हे जिवाणूंच्या पकडीचे स्थान असल्याचे प्रतिपादन केले. १९८० मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखविले, की मूत्रपिंडदाह घडविणारे अनेक वाण मॅनोजला नव्हे, तर ‘पी’ रक्तगटाशी संबंधित, गॅलॅक्टोजच्या जोडीने बनलेल्या शर्करेला धरतात. त्यावरूनच त्यांच्या तंतूंना ‘पी फिंब्रिया’ हे नाव मिळाले.

टोकावरील प्रथिन

यानंतरचा प्रश्न अधिक सूक्ष्म होता : संपूर्ण तंतू चिकटतो की त्याचा एखादा भाग? तंतू ज्या मुख्य प्रथिनाच्या शेकडो प्रतींनी बनतो, तेच चिकटणारे असावे, हे अनुमान स्वाभाविक होते. १९८१ मध्ये या तंतूंची जनुके वेगळी करण्यात यश आल्यावर त्याची परीक्षा शक्य झाली. स्वीडनमधील उमेओ येथे स्टाफान नॉर्मार्क यांच्या गटाने मुख्य प्रथिन नसलेले जिवाणू तयार केले, तरीही ते पेशींना चिकटत राहिले. १९८७ मध्ये ‘पॅपजी’ हे अल्प प्रमाणातील प्रथिनच खरे आसंजक असल्याचे सिद्ध झाले. मॅनोज ओळखणाऱ्या तंतूंत तेच कार्य टोकावरील ‘फिमएच’ करते. १९९२ मध्ये पी तंतूच्या जाड दांड्याच्या अग्रावर एक बारीक, लवचीक तंतू असल्याचे दिसून आले. पॅपजी त्याच्याच टोकाशी असते.

रचनेची उकल

क्ष-किरण स्फटिकालेखनाने १९८९ मध्ये ‘पॅपडी’ या साहाय्यक प्रथिनाची रचना समजली आणि १९९९ मध्ये फिमएचची. फिमएचचे दोन भाग आहेत : एक शर्करा धरणारा, दुसरा तंतूशी जोडणारा. जोडणाऱ्या भागाच्या घडीत एक पट्टी मुळातच कमी असते. साहाय्यक प्रथिन ही उणीव तात्पुरती भरून काढते आणि पुढे तंतूतील शेजारचे प्रथिन तिची जागा घेते. अशा रीतीने प्रत्येक घटक शेजाऱ्याला पूर्ण करीत तंतू उभारला जातो.

२००२ मध्ये सिअ‍ॅटल येथील संशोधकांनी एक अनपेक्षित बाब दाखविली. द्रवाच्या प्रवाहाचा ताण वाढला की फिमएचची पकड सैल न होता घट्ट होते. ताणामुळे प्रथिनाचे दोन भाग परस्परांपासून दूर होतात आणि शर्करेभोवतीचा खळगा आवळला जातो, हे त्याचे रचनात्मक कारण २०१० मध्ये स्पष्ट झाले. जो प्रवाह शरीराचे संरक्षण मानला जात होता, त्याचाच लाभ हे प्रथिन घेते.

ज्ञान आणि उपचार

जिवाणूला न मारता त्याची पकड सोडविता आली, तर प्रतिजैविकांवरील भार कमी होईल, ही आशा या संशोधनामागे प्रारंभापासून होती. १९७९ मध्ये मॅनोजसदृश शर्करेने उंदरांमधील संसर्ग कमी केला. १९९७ मध्ये फिमएचवर आधारित लसीनेही उंदरांना संरक्षण दिले. मात्र वारंवार संसर्ग होणाऱ्या ५९८ स्त्रियांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिने रोज मॅनोज घेऊनही लक्षणीय लाभ आढळला नाही. संशयित संसर्गासाठी पुन्हा वैद्यकीय मदत घेणाऱ्यांचे प्रमाण मॅनोज घेणाऱ्यांत ५१ टक्के, तर इतर गटात ५५.७ टक्के होते. या निष्कर्षाने फिमएचची रचना खोटी ठरत नाही. एकाच जिवाणूजवळ अनेक आसंजके असू शकतात आणि पकड बसल्यावर तो मूत्राशयाच्या पेशींच्या आतही शिरतो, हे आता ज्ञात आहे.

समारोप

या इतिहासात जिवाणूपासून तंतूकडे, तंतूपासून टोकाकडे आणि टोकापासून शर्करा धरणाऱ्या खळग्याकडे दृष्टी सूक्ष्म होत गेली. निर्णायक क्षण मात्र १९७६ चा ठरतो. जुनीच परीक्षा योग्य पेशींवर केल्यामुळे अर्धशतकाहून अधिक काळ नोंदवहीत पडून राहिलेल्या निरीक्षणाला अर्थ प्राप्त झाला. २०२४ च्या चाचणीनेही तीच कसोटी पुन्हा समोर ठेवली आहे : रचनेचे ज्ञान कितीही अचूक असले, तरी ते रुग्णाच्या शरीरात तपासले गेल्याखेरीज उपचार ठरत नाही.