टॅपिंगचं माहेर

गिटारच्या बी तारेवर, म्हणजे खालून दुसऱ्या तारेवर, डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने दुसरा पडदा दाबून धरायचा. उजव्या हाताच्या मधल्या बोटाने त्याच तारेवर नवव्या पडद्याच्या अगदी लगत ठोका द्यायचा. बोट उचलताना तार किंचित बाजूला ओढून सोडायची, की दुसऱ्या पडद्याचा सूर बोलतो. लगेच डाव्या करंगळीने पाचव्या पडद्यावर ठोका. नऊ, दोन, पाच. नऊ, दोन, पाच. नखी कुठेच नाही.

रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या ‘इरप्शन’मधला टॅपिंगचा प्रसिद्ध भाग इथून सुरू होतो. हे तीन आकडे हातात बसायला मला तीन आठवडे लागले. आधी सूर सुटे-सुटे पडतात. मग एके दिवशी लय थोडी वाढते आणि तीन सुरांचा एक झुळझुळता कॉर्ड होतो. हात तेच, तार तीच, पण वाजतंय ते गिटार वाटत नाही. कुणीतरी शेजारी पेटीवर बोटं फिरवतंय असं वाटतं.

मला हा भास बरोबर वाटतो. सतारीवरचं कृंतन ज्यांनी ऐकलंय त्यांना यातला अर्धा भाग ओळखीचा असेल: नखीचा आघात एकदाच, पुढचे सूर डाव्या हाताने तार ठोकून आणि ओढून काढायचे. ती तंतुवाद्याची स्वतःची रीत आहे. उजवा हात नखी सोडून पडद्यांवर येतो, तिथे मात्र दुसऱ्याच घराण्याचं रक्त लागतं. टॅपिंग गिटारच्या घरात नांदलं, पण त्याचं माहेर पट्ट्यांच्या वाद्यांकडे आहे.

या माहेरचं एक जुनं माणूस म्हणजे क्लॅव्हिकॉर्ड. पंधराव्या शतकात युरोपात रुळलेलं हे वाद्य दिसायला टेबलावर ठेवायच्या लांबट पेटीसारखं. पियानोचा हातोडा तारेवर आपटून मागे फिरतो. क्लॅव्हिकॉर्डची पट्टी दाबली की तिच्या टोकाचा पितळी तुकडा तारेला भिडतो आणि पट्टी सोडेपर्यंत तिथेच टेकून राहतो. तो तार वाजवतोही आणि तिची लांबी ठरवून सूरही नेमतो. ठोका आणि पडदा एकाच हालचालीत. टॅपिंग करणारं बोट याहून वेगळं काय करतं?

आणखी एक साम्य मला शिकता-शिकता सापडलं. मधेच ठोकलेली तार दोन्ही बाजूंनी कंप पावते. हवी ती बाजू वाजते आणि नको ती बाजूही कुरकुरते. म्हणून टॅपिंग करणारे पहिल्या पडद्याजवळ तारांभोवती केसांचा कापडी रबर गुंडाळतात. मीही गुंडाळतो, आणि सुट्या तारांचा गलका एकदम शांत होतो. क्लॅव्हिकॉर्ड बनवणाऱ्यांनी हेच केलं होतं: तारांच्या डाव्या टोकाला कापडाच्या पट्ट्या विणायच्या, म्हणजे नको ती बाजू मुकी राहते.

पण क्लॅव्हिकॉर्डचा आवाज फार नाजूक. शेजारच्या खोलीत बोलणं चाललं असेल तरी तो हरवायचा. साध्या लाकडी गिटारवरही तीच अडचण होती. तार छेडली तर जो नाद पोटात घुमतो, तो नुसत्या ठोक्याने घुमत नाही. म्हणजे बोटांना ही करामत कधीच जमली असती, ऐकणार कोण हा प्रश्न होता. त्याचं उत्तर 1931च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये मिळालं. जॉर्ज बीचम आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी चुंबक आणि तांब्याच्या वेटोळ्याचा पिकअप गिटारवर बसवला. पिकअपला लाकडाच्या पोटाची गरज नसते. पोलादी तार त्याच्यासमोर हलली की पुरे. ठोक्याला पहिल्यांदा मोठा आवाज मिळाला.

त्या आवाजाचं व्याकरण मांडणारा माणूस पियानो ट्यून करणारा होता, याचा मला फार आनंद होतो. जिमी वेबस्टर पियानोही वाजवायचा आणि ग्रेच कंपनीची गिटारं लोकांना वाजवून दाखवत फिरायचा. 1952मध्ये त्याने ‘टच सिस्टिम’ या नावाने या वादनाचं पुस्तकच काढलं: डाव्या हाताने खालची साथ, उजव्या हाताने गळ्यावर सुरावट, दोन्ही ठोकून. नंतर ग्रेचच्या स्टिरिओ गिटारमध्ये खालच्या आणि वरच्या सुरांच्या तारांना वेगवेगळे अॅम्प्लिफायर मिळाले. पियानोवादकाचे दोन हात त्याला गिटारमध्ये हवे होते, हे यावरून उघड दिसतं.

वेबस्टर पहिला होता असं मी म्हणत नाही. रॉय स्मेकने 1932च्या एका लघुपटात युकुलेलेवर असे ठोके दिले आहेत. तुर्कस्तानात फेथियेचा रमझान ग्युंगोर तीन तारांच्या छोट्या बाग्लामावर बोटांनी ठोकून गावाकडची गाणी वाजवायचा. त्याचा पियानोशी काही संबंध नव्हता. इटलीत व्हित्तोरिओ कामार्देझे या क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टरने 1965मध्ये टीव्हीवर दोन्ही हातांनी गिटार ठोकून दाखवली. पण ही सगळी एकेकटी झाडं. त्यांच्यापासून रान वाढलं नाही.

एमेट चॅपमनने 26 ऑगस्ट 1969 या दिवशी लॉस एंजेलिसमध्ये दोन्ही हात गळ्याला काटकोनात आणले आणि त्या पद्धतीला गिटार पुरत नाही म्हणून ‘स्टिक’ हे नवंच वाद्य घडवलं. 1974पासून तो ते विकू लागला. इंग्लंडमध्ये ‘जेनेसिस’चा स्टीव्ह हॅकेट बाखच्या टोकाटातला एक तुकडा गिटारवर बसवू पाहत होता. ऑर्गनसाठी लिहिलेली ती उडी डाव्या हाताच्या आवाक्यात येईना, तेव्हा उजवा हात मदतीला धावला. 1971च्या ‘नर्सरी क्राइम’ या अल्बममध्ये ते ऐकू येतं. इथेही मागणी पट्ट्यांच्या वाद्याचीच.

आता एडीकडे येऊ. 1962मध्ये व्हॅन हेलन कुटुंब हॉलंडहून बोटीने अमेरिकेत आलं तेव्हा सोबत एक पियानो होता. एडी आणि त्याचा भाऊ अॅलेक्स त्यावर शिकले, आणि शाळकरी वयात एडीने पियानोच्या स्पर्धाही जिंकल्या. टॅपिंग सुचण्याचं कारण त्याने स्वतः वेगळं सांगितलं आहे: लेड झेपेलिनच्या कार्यक्रमात जिमी पेजला एका हाताने मोकळ्या तारेवर झटपट सूर ओढताना पाहिलं, आणि वाटलं, ही मोकळी तार बोटाने वरच्या पडद्यावर सरकवली तर? त्याच्या शब्दावर शंका घ्यायचं मला कारण नाही. पण प्रेरणा कुठूनही येवो, जे वाजलं ते कॉर्ड मोडून एकेक सूर पळवणं होतं, आणि त्या हातांना ते पियानोवर आधीच ठाऊक होतं.

क्लबमध्ये टॅपिंगची जागा आली की तो लोकांकडे पाठ करायचा, कुणी उचलू नये म्हणून. 1977मध्ये हॉलिवूडच्या सनसेट साउंड स्टुडिओत तो कार्यक्रमाआधी हात मोकळे करत होता. निर्माता टेड टेम्पलमनने ते ऐकलं आणि ध्वनिमुद्रित करायला लावलं. फेब्रुवारी 1978मध्ये ते त्याच्या बँडच्या अल्बममध्ये आलं. एकूण 1 मिनिट 42 सेकंद. त्यात आपली एक चूक राहिली आहे, असं एडी पुढे सांगत असे.

हेच वादन जगभर का पसरलं? माझ्या मते मोठं कारण अॅम्प्लिफायर आहे. एडीचा मार्शल इतका तापवलेला असे की हलका ठोका आणि जोरदार छेड यांतला फरकच पुसला जाई. सूर सपाट, भरगच्च होऊन बराच वेळ टिकत. वेबस्टरचा आवाज स्वच्छ होता, म्हणून तिथे प्रत्येक ठोक्याचं वजन सांभाळावं लागे. शिवाय इथे साथीला कुणी नाही, एकटी गिटार. ऐकणाऱ्या पोराला पळायला जागाच नव्हती. माझ्या हाती कॅसेट आली तेव्हा मी हा तुकडा रिवाइंड करून इतक्यांदा ऐकला की फीत तिथेच ताणली गेली.

1985मध्ये स्टॅन्ली जॉर्डनने ‘मॅजिक टच’मध्ये स्वच्छ आवाजात दोन्ही हातांनी जॅझ वाजवला. त्याने सगळ्या तारा एकमेकींपासून समान स्वरांतरावर लावल्या, म्हणजे बोटांची ठेवण कुठल्याही तारांवर तशीच चालते. गिटार हातात घेण्यापूर्वी तो पियानो शिकला होता.

एडीला 1987मध्ये अमेरिकेत एक पेटंट मिळालं. गिटारच्या पाठीला बिजागरीने बसवलेली एक पाटी. ती उघडून अंगाला टेकवली की गिटार छातीसमोर आडवी राहते, तारा आकाशाकडे. पेटंटच्या चित्रात वादक उभा आहे आणि त्याचे दोन्ही हात वरून, पेटीवर ठेवावेत तसे, गळ्यावर ठेवलेले आहेत.