पांढुर्णा-सौंसरकडील चाके आणि त्यांची धाव

छिंदवाड्याच्या दक्षिणेस सातपुड्याचे पठार सिल्लेवानीच्या घाटाने खाली उतरते आणि कन्हान व जाम या नद्यांच्या आसपासची काळी, कापूस पिकविणारी भूमी सुरू होते. सौंसर आणि पांढुर्णा ही या सखल मुलखातील दोन प्रमुख गावे, भाषेने मराठी आणि बाजारव्यवहाराने नागपूरकडे तोंड करून बसलेली. भोसल्यांचा अंमल 1853 मध्ये खालसा झाला, 1861 मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला, 1956 च्या प्रांतरचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला तरी हे दोन तालुके मध्य प्रदेशातच राहिले, आणि 2023 मध्ये पांढुर्णा हे स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. या सर्व स्थित्यंतरांचे दस्तऐवज सरकारी दप्तरांत आहेत. परंतु ज्या चाकांवरून या मुलखाचे धान्य आणि कापूस शतकानुशतके वाहिला गेला, त्या चाकांचा इतिहास लिहिण्याचे कोणी मनावर घेतलेले नाही, आणि ही उणीव मला फार मोठी वाटते.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 नंतर कापसाला जो अपूर्व भाव आला, त्याने नागपूर प्रांताचे अर्थकारण पालटले. 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपुरास पोहोचली, 1877 मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पण सौंसरच्या शेतातला कापूस सावनेरमार्गे त्या बाजारापर्यंत नेण्याचे काम बंडीचेच, म्हणजे ओझ्याच्या बैलगाडीचेच, होते. पुढे सौंसरला नागपूर-छिंदवाडा ही अडीच फूट रुंदीची लहान रेल्वे मिळाली आणि पांढुर्णा नागपूर-इटारसी या मोठ्या मार्गावर आले, तेव्हाही शेतापासून स्टेशनापर्यंतची वाट बैलांनीच तुडविली. किंबहुना रेल्वेने बंडीचे काम वाढविले, कमी केले नाही.

ही बंडी दोन कारागिरांच्या हातची असे. बाभूळ, सागवान आणि तिवस यांचे सुकवून मुरविलेले लाकूड घेऊन सुतार मधला तुंबा कोरी, त्यात आरे ठोकी आणि आऱ्यांच्या टोकांवर पुठे बसवून चाकाचा वाटोळा आकार पुरा करी. परंतु एवढ्याने चाक पक्के होत नसे. आऱ्यांचे, पुठ्यांचे आणि तुंब्याचे सर्व सांधे एकवटून धरण्याचे काम धावेचे, म्हणजे चाकाभोवतीच्या लोखंडी कड्याचे, आणि ती चढविण्याचा अधिकार लोहाराचा. चाकाचा घेर दोरीने मोजून लोहार धाव त्याहून किंचित लहान ठेवी. मग गोवऱ्यांच्या रिंगणात ती लाल होईपर्यंत तापवून, दोघातिघांनी सांडशीत धरून चाकावर ठेवली की घणाचे ठोके पडत, लाकडाचा धूर उठे, आणि लगेच घागरीमागून घागरी पाणी ओतले जाई. पाच फूट व्यासाच्या चाकाचा घेर साडेपंधरा फुटांहून थोडा अधिक भरतो, आणि तेवढ्या लांबीचे लोखंड लाल तापले म्हणजे सुमारे दीड इंचाने वाढते. निवताना ते तेवढेच आकसते आणि साऱ्या लाकडाला आवळून धरते. धाव फार लहान ठेवली तर पुठा फुटे अथवा आरा वाकडा होई, थोडी मोठी राहिली तर उन्हाळ्यात लाकूड सुकताच निसटे आणि गाडीवान चाक नदीच्या डोहात बुडवून ठेवी. धाव चाकाहून किती लहान ठेवावी याचा निर्णय, जो पाश्चात्य देशांत मोठ्या कारखान्यांनी कोष्टकांवरून घेतला, तो आमचा लोहार लाकडाची जात, ऋतू आणि आपला अनुभव पाहून घेत असे. बलुते म्हणून धान्य घेऊन उभ्या गावाची चाके सांभाळणाऱ्या या माणसाला मालगुजाराच्या बैठकीत जागा नव्हती, म्हणूनच त्याचे माप कोणी टिपून ठेवले नाही.

ओझ्याच्या बंडीपेक्षा प्रवासाची दमणी आणि शर्यतीचा छकडा हे निराळे प्रकरण. या भागात आणि शेजारच्या विदर्भात पट अथवा शंकरपट ही शर्यत फार प्रिय. तीत बैलजोडी वेगाने धावते आणि ती हाकणारा धुरकरी क्षणाक्षणाचा हिशेब ठेवतो. तेथे चाकाच्या मजबुतीइतकेच त्याच्या हलकेपणाला मोल. चाकाच्या काठावरील एक शेर वजन गती घेताना दोन शेरांइतके भारी पडते, कारण त्याला पुढेही ढकलावे लागते आणि फिरवावेही लागते. आज शौकाने मोटारीला ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाके बसवून घेणारा तरुणही याच नियमाला अनुसरतो. 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने या शर्यती थांबल्या. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा बदलला आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने तो वैध ठरविला.

लोखंडी धावेने रस्ते चिरतात, ही बांधकाम खात्याची तक्रार जुनी होती. जॉन बॉइड डनलप यांनी 1888 मध्ये हवा भरलेले रबरी टायर घडविले, त्यांच्या नावाच्या कंपनीचा कारखाना 1936 मध्ये हुगळीकाठी साहागंज येथे सुरू झाला, आणि कालांतराने मोटारीच्या टाकाऊ टायरांवर चालणाऱ्या बैलगाड्या सर्वत्र दिसू लागल्या. बैलांचे कष्ट निःसंशय हलके झाले. लोहाराच्या भात्याचे काम मात्र संपले.

आज नागपूरहून येणारे दोन मोठे रस्ते या दोन गावांवरून जातात, आणि अशा रस्त्यांवरील टायरांच्या दुकानांत रिमवर टायर चढवून ते यंत्रावर फिरविले जाते व जड बाजूच्या समोर शिशाचे लहान तुकडे लावून तोल साधला जातो. बैलाच्या चालीने बंडीचे चाक मिनिटाला सुमारे 14 फेरे घेते; ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीचे चाक सेकंदाला 11 ते 12 फेरे घेते, म्हणून पूर्वी ज्याची गणनाच नव्हती असे काही ग्रॅम आता चालकाच्या हातातले चक्र थरथरवितात. साधन बदलले, तरी चाक आणि त्याचे वेष्टन एकजीव करणे हे मूळ कर्तव्य तेच आहे. आणि यंत्राच्या काट्यावर नजर ठेवणारा पोरगा त्या लोहाराच्या परंपरेतलाच आहे, असे मी मानतो.

पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांत धाव चढविलेली पाहिलेली, कदाचित स्वतः घण मारलेली वृद्ध माणसे अजून असतील. ज्यांच्या गोठ्यात जुने चाक पडले आहे त्यांनी ते जळणात घालू नये; त्याच्या तुंब्याचे, आऱ्यांचे आणि धावेचे माप घ्यावे, घडविणाऱ्याचे नाव आठवत असेल तर तेही लिहावे, आणि नव्या जिल्ह्याच्या एखाद्या शाळेत अथवा ग्रंथालयात ते जतन करावे, ही विनंती आहे.