तारलीच्या पोटातला पावसाळा

उष्ण कटिबंधातला समुद्र निळा, नितळ आणि म्हणूनच नापीक, असा समज सागरविज्ञानात बराच काळ होता. थंड मुलखात हिवाळी वादळे पाणी घुसळून खालची खनिजे वर आणतात आणि वसंतात ऊन वाढले की वनस्पतिप्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा, बहर येतो. वर कोमट, खाली थंड अशा थरांत बारमाही विभागलेल्या पाण्यात हे घुसळणे कुठून व्हायचे? खुल्या उष्ण समुद्रापुरता हा तर्क बराचसा खराही आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र तो टिकत नाही, आणि हे उमगण्याचे मोठे श्रेय तारली या माशाला द्यायला हवे.

मलबारात तेलासाठी आणि खतासाठी तारलीला मोठी मागणी होती, पण काही वर्षी ती किनाऱ्याकडे फिरकतच नसे. या कोड्यामागे लागलेल्या मद्रास मत्स्य खात्याच्या जेम्स हॉर्नेल आणि रामस्वामी नायडू यांनी 1923 साली तारलीच्या जीवनक्रमाबरोबरच तिथल्या प्लवकांचीही नोंद प्रसिद्ध केली. तारलीचा कल्ला उचलून पाहिला तर आत बारीक फणीसारखे दाट दाते दिसतात. पाणी त्यांतून गाळले जाते आणि प्लवक आत राहतात. पोटातून निघतो तो हिरवट-तपकिरी लगदा. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात डायटम दिसतात, म्हणजे झाकणाच्या डबीसारखी सिलिकेची पारदर्शक कवचे असलेल्या एकपेशीय वनस्पती. त्यांतल्या फ्राजिलारिया ओशिॲनिकाच्या पेशी कुशीला कूस लावून लांब फीत बनवतात. ही फीत पाण्यात विपुल असली की तारलीही विपुल, असे नायर आणि सुब्रह्मण्यन यांनी 1955 मध्ये मांडले. सुब्रह्मण्यन यांच्याच 1959 च्या अभ्यासात कालिकतजवळच्या प्लवकांचा वर्षातला मोठा बहर भर नैर्ऋत्य मोसमी पावसात आढळला.

आभाळ महिनोन्महिने झाकलेले असताना वनस्पती वाढेल कशी, ही शंका रास्त आहे. पण या अक्षांशांवर ढगांतून झिरपणारा उजेडही डायटमना पुरतो. तुटवडा असतो नायट्रेट-फॉस्फेटचा. मोसमी वारे आणि प्रवाह यांच्यामुळे किनाऱ्यालगत खालचे थंड पाणी वर येते आणि ते हा तुटवडा भरून काढते. केरळ-कर्नाटकाकडे ही उसळण जोरकस असते, गोव्यापासून उत्तरेला ती मंदावते. हाच समुद्र फेब्रुवारीनंतर शांत आणि तापलेला झाला की डायटम मागे पडतात आणि हवेतला नायट्रोजन वापरू शकणारे ट्रायकोडेस्मियम हे नील-हरित शैवाल गोव्याच्या पाण्यावर लाकडाच्या भुश्शासारखे तरंगू लागते. म्हणजे किनारा एकच, पण कोणत्या महिन्यात कोण वाढणार हे तापमानापेक्षा खालून येणारे खाद्य ठरवते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तारली नाहीशी होते ती जाळ्यांमुळे, त्यात प्लवकांना कशाला ओढायचे? पण हॉर्नेलच्या काळात मलबारात यांत्रिक बोटी नव्हत्या, तरीही रिकामी वर्षे येतच होती. शिवाय फ्राजिलारिया हा तारलीच्या नशिबाचा एकमेव धागा नव्हे. पाऊस, तापमान, पिल्लांचे जगणे हेही त्यात गुंतलेले आहे. आजची बेसुमार जाळी, विशेषतः पिल्ले उपसणारी, पडत्या वर्षाची खोली वाढवतात, हे मान्यच करायला हवे. केरळात 2012 साली सुमारे 3.9 लाख टन तारली उतरली होती. 2021 साली ती 3,297 टनांवर आली.