गुन्हाशास्त्राचे विद्यापीठीय अध्ययन

गुन्हा, गुन्हेगार आणि गुन्ह्याविषयी समाज व शासन यांच्याकडून होणारी प्रतिक्रिया यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास म्हणजे गुन्हाशास्त्र. पोलीस, न्यायालये व कारागृहे यांच्या कार्यपद्धतीचे अध्ययन फौजदारी न्यायव्यवस्था या नावाने त्यालाच जोडून केले जाते. विद्यापीठांत हा विषय प्रथम अन्य विद्याशाखांच्या आश्रयाने आला. कोठे वैद्यकाने, कोठे विधिशाखेने, तर कोठे समाजशास्त्राने त्याला जागा दिली आणि आश्रयदात्या शाखेचेच प्रश्न त्याने प्रामुख्याने हाताळले. शासनाच्या आश्रयाला असताना शासनाविषयी प्रश्न विचारणे मात्र त्याला नेहमीच जड गेले आहे.

इटलीतील तूरिन विद्यापीठात न्यायवैद्यकाचे अध्यापन करणाऱ्या चेझारे लोंब्रोसो यांचा गुन्हेगार मानवावरील ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. कवटी, जबडा, कान इ. अवयवांच्या ठेवणीवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो, हे त्यांचे मत होते. चार्ल्स गोरिंग यांनी सु. ३,००० ब्रिटिश कैद्यांची मोजमापे घेऊन १९१३ मध्ये ते खोडून काढले. रफाएले गारोफालो या विधिज्ञांनी १८८५ मध्ये आपल्या ग्रंथाला ‘क्रिमिनोलोजिया’ हे नाव दिले व तेच पुढे या शास्त्रास रूढ झाले. ऑस्ट्रियातील हान्स ग्रोस यांची वाट वेगळी होती. तपासाचे काम करणारे दंडाधिकारी म्हणून मिळालेल्या अनुभवावर त्यांनी १८९३ मध्ये तपासकार्याची पुस्तिका लिहिली आणि पुढे प्राध्यापक होऊन ग्रात्स विद्यापीठात गुन्हाशास्त्राची स्वतंत्र संस्था स्थापन केली. प्राग येथील त्यांच्या व्याख्यानांना बसणाऱ्या विधिशाखेच्या विद्यार्थ्यांत फ्रान्झ काफ्का हाही होता. या पुस्तिकेची इंग्रजी आवृत्ती १९०६ मध्ये मद्रास येथे दोन सरकारी वकिलांनी भारतातील कामास उपयोगी पडेल अशा रीतीने सिद्ध केली. भारतात हे शास्त्र प्रथम आले ते असे, तपासाचे साधन म्हणून.

अमेरिकेत दोन प्रवाह समांतर वाहिले. बर्कली शहराचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांच्या पुढाकाराने कॅलिफोर्निया विद्यापीठात १९१६ पासून उन्हाळी वर्ग सुरू झाले व १९५० मध्ये तेथे गुन्हाशास्त्राचे स्वतंत्र विद्यालय स्थापन झाले. दुसरा प्रवाह समाजशास्त्रज्ञांचा. क्लिफर्ड शॉ व हेन्री मके यांनी शिकागो शहरातील वस्त्यांचा अभ्यास करून बालगुन्हेगारीचा संबंध वस्तीच्या परिस्थितीशी जोडून दाखविला. एडविन सदरलँड यांनी त्यापुढे जाऊन ७० बड्या कंपन्यांच्या कायदेभंगाची नोंद केली. १९४९ मध्ये त्यांचा ‘पांढरपेशा गुन्ह्या’वरील ग्रंथ निघाला, तेव्हा बदनामीच्या खटल्याच्या भीतीने कंपन्यांची नावे वगळावी लागली. नावांसह पूर्ण आवृत्ती निघण्यास १९८३ साल उजाडले; सदरलँड १९५० मध्येच निवर्तले होते. चोराचे नाव छापण्यास संकोच न करणारे शास्त्र येथे मात्र अडखळले, हे नमूद करणे आवश्यक आहे.

१९६८ च्या संघीय कायद्यानंतर पोलिसांच्या महाविद्यालयीन शिक्षणास सरकारी पैसा मिळू लागला आणि फौजदारी न्यायाचे विभाग झपाट्याने वाढले. याच काळात बर्कलीच्या विद्यालयातील काही अध्यापकांनी पोलीस, तुरुंग व राजसत्ता यांचीच चिकित्सा आरंभिली. तीव्र वादानंतर १९७६ मध्ये ते विद्यालय बंद करण्यात आले. ब्रिटनमध्ये हे शास्त्र हेर्मान मानहाइम, माक्स ग्रुनहुट व लेऑन राद्झिनोविच या यूरोपातून आलेल्या विद्वानांनी रुजविले. त्यांपैकी राद्झिनोविच यांच्या नेतृत्वाखाली केंब्रिज येथे १९५९ मध्ये संस्था निघाली.

भारतात गुन्हेगारीविषयीचे अधिकृत ज्ञान दीर्घकाळ पोलीस अधिकाऱ्यांच्या लेखणीतून आले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या. मुंबई इलाख्यातील अशा वर्गांविषयी पोलीसप्रमुख मायकेल केनेडी यांनी १९०८ मध्ये टिपणे प्रसिद्ध केली आणि १९११ च्या अधिनियमानुसार कैकाडी, पारधी, कंजारभाट इ. जमातींवर हजेरीचे व वसाहतीत राहण्याचे निर्बंध आले. सोलापूरची ‘सेटलमेंट’ ही अशांपैकीच एक. तूरिनचा सिद्धांत यूरोपात मोडीत निघाल्यावरही त्याच्या जवळची कल्पना येथे कायद्याच्या रूपाने नांदत होती व तिची परीक्षा घेणारा एकही विद्यापीठ-विभाग देशात नव्हता. हा अधिनियम १९५२ मध्ये रद्द झाला.

पहिला पर्याय समाजकार्याच्या शिक्षणातून पुढे आला. मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा पदव्युत्तर समाजकार्य विद्यालय स्थापन झाले. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था होय. परिवीक्षा, बालगुन्हेगारांचे पुनर्वसन व कारागृह-प्रशासन यांचे शिक्षण येथे विकसित झाले. संस्थेचा १९९० मध्ये सुरू झालेला ‘प्रयास’ हा क्षेत्रीय प्रकल्प तुरुंगांत व पोलीस ठाण्यांत काम करतो. अशा कामाची गरज आकड्यांतही दिसते : २०२२ अखेर देशातील सु. ५.७ लाख कैद्यांपैकी तीन-चतुर्थांश कच्चे कैदी होते.

सागर विद्यापीठात १९५९ मध्ये गुन्हाशास्त्र व न्यायसहायक विज्ञान यांचा विभाग उघडला गेला. विद्यापीठाचे संस्थापक सर हरिसिंग गौर हे नागपुरात नावारूपास आलेले दंडविधीचे भाष्यकार होते. विभाग पाहण्यास ते हयात नव्हते. त्याच वर्षी मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा अधिनियम संमत झाला. त्याची झळ पुढे विमुक्त जमातींना विशेष बसली. सागरनंतर धारवाड, मद्रास इ. विद्यापीठांत विभाग निघाले. १९७० मध्ये भारतीय गुन्हाशास्त्र परिषदही स्थापन झाली. तथापि पदवीधरांना पोलीस वा कारागृह सेवेत राखीव स्थान मिळाले नाही आणि नागरी सेवा परीक्षेच्या वैकल्पिक विषयांतही गुन्हाशास्त्राचा समावेश नाही. विभागांची वाढ मंद राहण्याचे हे प्रमुख कारण दिसते.

२०२० मध्ये संसदेच्या अधिनियमांनी राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ व राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ स्थापन झाली. दोन्ही केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद असल्याने प्रयोगशाळेशी निगडित शिक्षणाची मागणी वाढणार, हे उघड आहे. कारागृहांच्या व पोलिसांच्या सामाजिक अभ्यासास असा आधार नाही. कारागृहांच्या नियमावल्यांत जातीनुसार कामाची वाटणी होती आणि विमुक्तांना सराईत गुन्हेगार मानणारे उल्लेखही होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. ती याचिका एका पत्रकाराने, स्वतः केलेल्या शोधवृत्तांताच्या आधारे दाखल केली होती.