बाल्कनीतल्या सागवानी झोपाळ्याला पावसाळ्याआधी काय लावावं?

नेरुळ, सीवूड्स किंवा खारघरमध्ये मोठी बाल्कनी असलेलं घर घेतलं, की सागवानी झोपाळा किंवा बाक ओघानं येतोच. पहिला पावसाळा निभावतो. दुसऱ्यानंतर पॉलिशचे पापुद्रे सुटतात, पायांशी लाकूड काळं पडतं आणि 'सागवान सांगून भलतंच दिलं' असा संशय सुतारावर येतो. पुष्कळदा दोष लाकडाचा नसतो, त्यावर चढवलेल्या पॉलिशचा असतो.

आधी ऊन, मग पाणी

लाकडाचे तंतू लिग्निन नावाच्या घटकामुळे एकमेकांना घट्ट धरून असतात. उन्हातली अतिनील किरणं हे लिग्निन मोडतात. वरचा थर करडा, भुसभुशीत होतो आणि पॉलिशला धरायला काही उरत नाही. त्यानंतर येतो पाऊस. मुंबई परिसरात जून ते सप्टेंबरमध्ये 2,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या वर राहिला, की कुजवणाऱ्या बुरशीला वाव मिळतो. लाकूड सगळीकडून सारखं पाणी पीत नाही. फळीच्या सपाट बाजूपेक्षा कापलेल्या टोकातून ते कितीतरी वेगानं शिरतं, म्हणून खुर्चीचे पाय आधी जातात.

सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे तो टिकतो. पण खोडाच्या बाहेरच्या फिकट भागाला हे संरक्षण नसतं. स्वस्तातल्या 'सागवानी' फर्निचरमध्ये हा भाग किती आहे, हे पॉलिश चढण्याआधीच पाहून घ्यावं.

घरातलं पॉलिश बाहेर नको

स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं पॉलिश दिसायला देखणं, पण पाणी लागलं की त्यावर पांढरे डाग पडतात. मेलामाइन कडक आणि चकचकीत असतं, मात्र ते घरातल्या कपाटासाठी. बाहेर लाकूड फुगतं-आकसतं, त्याबरोबर हा थर ताणला जात नाही आणि तडकतो. त्या चिरेतून शिरलेलं पाणी आतच अडकतं.

बाहेरच्या वापरासाठीचं पीयू किंवा मरीन वॉर्निश मागावं. ते थोडं लवचीक असतं आणि त्यात अतिनील किरणं अडवणारे घटक असतात. दुसरा मार्ग तेलाचा. तेलाचे पापुद्रे निघत नाहीत, पण ते वर्षातून एकदा-दोनदा पुन्हा लावावं लागतं. नुसतं जवसाचं तेल आपल्या दमट हवेत काळी बुरशी धरतं. शिवाय त्याचे बोळे करून टाकलेले फडके आपोआप पेट घेऊ शकतात. ते पाण्यात बुडवावेत किंवा मोकळ्यावर पसरून वाळवावेत.

कोकण किनाऱ्यावर लाकडी होड्यांना माशाचं आणि काजूच्या टरफलाचं तेल लावायची जुनी रीत आहे. टरफलाच्या तेलानं कातडी भाजते, तेव्हा बसायच्या बाकावर तो प्रयोग नको. पण होडी किनाऱ्यावर ओढून, वाळवून मगच डागडुजी करायची, ही शिस्त उचलण्यासारखी आहे.

काम कधी आणि कसं?

मार्च ते मेमध्ये, लाकूड कोरडं असताना. जूनच्या पहिल्या सरीनंतर घाईनं मारलेला हात ओल आतच कोंडतो. सुटलेलं जुनं पॉलिश पूर्ण घासून काढावं: आधी 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, शेवटी 180. पहिला हात पातळ. कापलेल्या टोकांना दोन-तीन हात जास्त द्यावेत. खालची बाजूही सोडू नये. कारागीर नेमकी तीच सोडतात, कारण ती कोणाला दिसत नाही.

पायांना रबरी बूट घालावेत. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे असावेत. लोखंडी स्क्रू खाडीच्या खाऱ्या हवेत गंजतात आणि सागावर काळे डाग पाडतात. पावसात प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळणं तर सर्वांत वाईट. झाकण वरून असावं, खालून हवा खेळती हवी.

झोपाळ्याची गोष्ट वेगळी, कारण तिथे माणसांचा भार कड्यांवर असतो. वरचं पॉलिश चांगलं दिसत असलं, तरी कडीच्या भोकाभोवती लाकूड आतून कुजलेलं असू शकतं. तिथे पेचकसाचं टोक दाबून पाहावं. ते सहज रुतलं, तर पॉलिशचा खर्च करू नये. फळी बदलावी आणि तोवर झोपाळ्यावर कोणालाही बसू देऊ नये.