दवंडी, भिंत आणि फलक

बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेल्या, नांदेड जिल्ह्यातील मुखेडची प्राचीनता सिद्ध करावयास दशरथेश्वराचे चालुक्यकालीन मंदिर पुरेसे आहे. परंतु त्या मंदिराच्या शिल्पसमृद्ध भिंतींपुढे उभे राहिले असता सौंदर्याच्या जोडीने आणखी एक विचार मनात येतो, तो असा की, जेव्हा दगडावर एक आकृती वा एक ओळ कोरण्यास अपार श्रम आणि द्रव्य लागे, तेव्हा सर्वांच्या नजरेस पडणाऱ्या जागी काय असावे याविषयी समाजाची काही निश्चित धारणा होती. नांदेड जिल्ह्यातील शिलालेख रित्ती आणि शेळके या विद्वानांनी 1968 मध्ये संपादून प्रसिद्ध केले. अशा लेखांतून राजांची बिरुदावली विपुल आढळते, हे मान्य केले पाहिजे. पण त्या बिरुदावलीच्या पाठीशी बहुधा एखादे दान असते, देवालयास दिलेली जमीन, तिच्या चतुःसीमा आणि ते दान हिरावून घेणाऱ्यास उच्चारलेला शाप. काही दिल्यावाचून कोणाचे नाव सहसा दगडावर चढत नसे.

शिलालेख ही राजांची आणि धनिकांची गोष्ट झाली. सामान्य माणसापर्यंत सार्वजनिक वार्ता पोहोचवण्याचे साधन दवंडी हे होते. साऱ्याची मुदत, जप्ती, लिलाव, रोगाची साथ, जत्रेचा दिवस किंवा हरवलेले जनावर, असा काही मजकूर घेऊन हलगी वाजवणारा गावकामगार चावडीपासून निघे, वेशीत, पारापाशी, आळीच्या तोंडाशी थांबे, ‘ऐका हो ऐका’ म्हणून आपले सांगणे सांगे आणि पुढे जाई. कायद्यानेही या रीतीला आपल्यात सामावून घेतले. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश 21 अन्वये स्थावर मिळकतीच्या जप्तीचा हुकूम ढोल वाजवून अथवा अन्य रूढ रीतीने जाहीर करावयाचा असतो, आणि त्याची प्रत मिळकतीच्या ठळक भागी लावावयाची असते. दवंडीला प्रयोजन असे, तिच्यामागे जबाबदार अधिकार असे, आणि मुख्य म्हणजे तिला शेवट असे. हलगी आळीबाहेर गेली की आळी पुन्हा आपल्या स्वतःच्या बोलण्याला मोकळी होई.

मात्र या रीतीचे गुणगान करताना हलगी कोणाच्या हाती होती हे विसरता येणार नाही. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले, त्यांच्याच माथी हे काम वंशपरंपरेने लादलेले होते. वतनाच्या नावाखाली चाललेल्या या वेठीवर आघात करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. ती दवंडी जशीच्या तशी परत यावी असे कोणताही विचारी मनुष्य म्हणणार नाही. शिवाय, मुखेडचा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि तेथे सार्वजनिक जागेवरील शब्दाची मालकी सर्वस्वी सरकारकडे होती. सरकारचे फर्मान आणि जरीदा, म्हणजे राजपत्र, यांना मुक्तद्वार होते, परंतु रयतेने सभा भरवावयाची तर ‘गश्ती निशाण 53’ या परिपत्रकाप्रमाणे आधी परवाना मिळवावा लागे. चौकात आपला शब्द उच्चारता यावा म्हणून ज्या प्रदेशाने लढा दिला, त्या प्रदेशात तोच चौक पुढे पैसेवाल्याच्या शब्दाने व्यापला जावा, ही मला केवळ विद्रूपतेची नव्हे, तर हक्काची बाब वाटते.

या हक्काचा उच्चार एका मराठी संताने केला, तो मात्र महाराष्ट्राबाहेर. मे 1960 मध्ये चंबळच्या खोऱ्यात दरोडेखोरांनी विनोबा भावे यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. त्यानंतर विनोबा होळकरांच्या इंदुरात, जेथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे नांदत आली आहेत, काही आठवडे मुक्कामाला होते. तेथील भिंतींवरील सिनेमाची अशोभनीय भित्तिपत्रके पाहून त्यांनी ती हटवण्याची मोहीम आरंभली. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा, की चित्रपट पाहणारा तिकीट काढून स्वेच्छेने आत जातो, परंतु रस्ता सर्वांचा असल्यामुळे तेथून जाणाऱ्या बालकापुढे निवडीचा प्रश्नच उरत नाही. ते चित्र त्याच्या डोळ्यांवर लादले जाते. पुष्कळांनी या मोहिमेकडे निव्वळ सोवळेपणा म्हणून पाहिले, आणि ते मला अन्यायाचे वाटते, कारण अश्लीलतेचा मुद्दा क्षणभर बाजूस ठेवला तरी वाटसरूच्या संमतीचा मुद्दा शिल्लक राहतोच. ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ ही पत्रे हाती घेताना गांधीजींनी जाहिराती नाकारल्या होत्या, पण पत्र न घेण्याची मुभा वाचकाला असते. रस्त्यावरून न जाण्याची मुभा कोणाला आहे? इंग्लंडात सार्वजनिक जाहिरातींच्या अतिरेकास आळा घालण्यासाठी 1893 मध्ये संस्था निघाली आणि 1907 मध्ये कायदा झाला. ब्राझीलमधील साओ पावलो या महानगराने तर 2007 पासून रस्त्यांवरचे जाहिरातफलक उतरवूनच टाकले.

आपल्याकडे रंगाऱ्याच्या हातची भिंत होती तोवर काही मर्यादा पाळली जात होती. बियाण्यांची, कीटकनाशकांची, विडीची जाहिरात एस.टी.च्या रस्त्यालगतच्या घरांवर रंगवली जाई, आणि तिला वेळ व मजुरी लागे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तंबूवाले आणि दुकानदार गळा फोडून ओरडत, पण यात्रा उठली की तो कोलाहलही उठे. फ्लेक्सच्या छपाईने ही मर्यादा मोडली. वाढदिवस, निवड, नियुक्ती, आगमन, असे कोणतेही निमित्त रात्रीतून चौकात उभे राहू लागले. ‘लातूर पॅटर्न’ या शिक्षणपद्धतीच्या कीर्तीमागोमाग शिकवणी वर्गांचे फलक लातूर-नांदेडहून तालुक्याच्या गावांपर्यंत आले आणि वर्षभर अभ्यास केलेल्या मुलामुलींचे चेहरे गुणांच्या आकड्यांसह विक्रीचे साधन झाले. मला सर्वांत अधिक व्यथित करणारी गोष्ट हीच आहे. आणि ज्या मुलाचे नाव त्या फलकावर येत नाही, तेही त्याच रस्त्याने शाळेला जाते.

कायदा नाही असे नाही. मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा अधिनियम 1995 चा आहे. स्थानिक संस्थेच्या लेखी परवानगीवाचून फलक लावणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनने 2011 मध्ये दाखल केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2017 रोजी बेकायदा फलकांविरुद्ध विस्तृत निर्देश दिले. तरीही 13 मे 2024 रोजी घाटकोपरला 120 फूट लांब व तितकाच उंच फलक वादळात पेट्रोलपंपावर कोसळून 17 माणसे मृत्युमुखी पडली, आणि फलकांच्या परवानग्यांची चौकशी त्यानंतर सुरू झाली.

मुखेडसारख्या गावी परवानगी देण्याचा अधिकार नगरपरिषदेकडे आहे, म्हणजे लोकांनीच निवडून दिलेल्या सदस्यांकडे. दशरथेश्वराची वाट, शाळांची प्रवेशद्वारे, दवाखान्याचे आवार आणि बसस्थानकासमोरचा चौक, एवढ्या जागा कोणत्याही फलकास, मग तो कोणत्याही पक्षाचा, दुकानाचा वा खुद्द नगराध्यक्षांचा असो, कायमच्या बंद कराव्यात असा ठराव सभेपुढे आणण्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. नागरिकांनी लेखी अर्ज करावा, आणि त्या ठरावावर कोणत्या सदस्याने कोणते मत दिले ते गावाला कळावे.