३. पाद्र्यांची फेरी

मूळ लेखात पाद्र्यांच्या फेरीचा जो ओझरता उल्लेख आला आहे, त्याचा उलगडा परभणी जिल्ह्याला लागून असलेल्या जालन्याच्या मिशनचा इतिहास ध्यानी घेतल्यावाचून होत नाही. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले, मूळचे ब्राह्मण असलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने जालन्यास ठाणे मांडले, आणि निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्या अमदानीत सरकारातून मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे गाव वसविले. तेथे प्रामुख्याने मांग समाजातील कुटुंबे नांदू लागली. त्या काळच्या फेरीचा शिरस्ता असा, की पावसाळा सरताच बैलगाडीवर तंबू, पुस्तके व औषधांची पेटी लादून निघावे, आमराईत मुक्काम ठोकावा, बाजाराच्या दिवशी उपदेश करावा आणि सायंकाळी गावकुसाबाहेरील वस्तीत जाऊन बसावे. परतूर तालुका १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच मोडत असे, हेही वाचकांनी जुने कागद पाहताना स्मरणात ठेवावे. शेषाद्री १८९१ साली निवर्तले. धर्मांतराविषयी कोणाचे मत काहीही असो, ज्यांच्या अंगणात गाव कधी पाऊल टाकीत नव्हते त्यांच्या शेजारी हे लोक जाऊन बसले, ही गोष्ट मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासात आदराने नोंदविली गेलीच पाहिजे.

— संपादक